ठेवून जा, बघतो

श्रमसाफल्य सोसायटीत कुणाच्याही घरात काही बंद पडलं, की ते दुसऱ्या मजल्यावर अण्णा साळसकरांकडे जायचं. घाटकोपरात रिपेअरिंगची दुकानं नव्हती असं नाही. स्टेशनपर्यंत जाताना चार लागतात. पण अण्णा असताना दुकानात जाणं म्हणजे घरात आई असताना खानावळीत जेवण्यासारखं. अण्णांना वाईट वाटलं असतं.

अण्णांचं खरं नाव चंद्रप्रकाश, पण सगळं आयुष्य गेलं ट्यूबलाइटखाली. साकीनाक्याच्या एका गाळ्यात एकतीस वर्षं त्यांनी विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलं, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी भरली. जळलेली मोटार ते मीटर लावायच्या आधी नुसत्या वासावरून ओळखायचे. गाळ्याचा मालक म्हणायचा, "अण्णांचं नाक हाच आमचा मीटर." हे त्यांनी घरी इतक्यांदा सांगितलं होतं, की मुलाला, सुबोधला, लहानपणी वाटायचं बाबांच्या नाकात बॅटरी असते.

कुणी वस्तू घेऊन दारात उभं राहिलं की अण्णांचे तीन शब्द ठरलेले. "ठेवून जा, बघतो."

यात खोटं काही नव्हतं. ते खरंच बघायचे. उघडायचे, वास घ्यायचे, "हं" म्हणायचे आणि अमुक पार्ट ओरिजिनल मिळेपर्यंत त्या वस्तूला मालकाच्या नावाची चिठ्ठी सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवायचे. तात्पुरतं भागवून देणं त्यांना मंजूर नव्हतं. "नाही जमणार" म्हणणं तर त्याहून नव्हतं. काही वस्तू दुरुस्त होऊन परत जायच्याही, आणि त्या एवढ्या झकास चालायच्या, की उरलेल्यांचे मालक आणखी चार वर्षं आशेवर राहायचे.

मग सुबोधनं मुलुंडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्या घराला जिम होतं, बाग होती, गाडी फिरवायला गोल चकती होती. फक्त माळा नव्हता.

टेम्पो रविवारचा ठरला. सुनेनं, गार्गीनं, मोबाइलवर कुणा बाईचं ऐकून एक नियम आणला. "अण्णा, ज्या वस्तूला वर्षभरात हात लागला नाही, ती नव्या घरी न्यायची नाही."

"मग माझंही तिकीट कापलंस म्हण," अण्णा म्हणाले. "मला तरी वर्षभरात कोणी हात लावलाय? ब्लडप्रेशरवाला सोडून!"

"तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला चिठ्ठी बांधलेली नाही."

शनिवारी सकाळी सुबोध माळ्यावर चढला आणि एकेक वस्तू खाली देऊ लागला. गार्गीनं मोजल्या. एक्केचाळीस. सात मिक्सर, पाच इस्त्र्या, एक दारावरची चिमणीची बेल, आणि एक टेबलफॅन, ज्याचा मालक सोसायटी सोडून, मुंबई सोडून, शेवटी हे जगही सोडून गेला होता.

"अण्णा, हे दुकान आहे की धर्मशाळा?" गार्गीनं कपाळाला हात लावला. पण ती प्रेमळ मुलगी. तिनं ओढणी खोचली, सगळ्यावरची धूळ पुसली, आणि सासरा-सून घरोघरी वस्तू परत करायला निघाले.

लोकांनी फार समजुतीनं घेतलं, आणि तेच अण्णांना जड गेलं. कुणी ओरडलं असतं तर बरं. तळमजल्यावरची शकु इस्त्री हातात घेऊन लहान मुलासारखी हसली. "अय्या, ही आमची? अण्णा, हिच्यानंतर आमच्या घरी तीन इस्त्र्या होऊन गेल्या हो!" दुसऱ्या एका घरी मिक्सर बघून म्हातारीनं नमस्कार केला, कारण तो तिच्या सासूचा होता. प्रत्येक दारात चहा. चौथ्या चहानंतर अण्णा नुसते मान हलवायला लागले.

एक वस्तू मात्र ते स्वतःच्या हातातून सोडत नव्हते. नारळाएवढी, काळी, शिलाई मशीनची मोटार. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात, 'मालनवहिनी, पहिला मजला.' खाली तारीख. चौदा वर्षांपूर्वीची.

"ही द्यायची ना?" गार्गीनं विचारलं.

"शेवटी देऊ."

मालनवहिनी म्हणजे कुडाळकडच्या. नवरा गिरणीतला, गिरणी गेली, मग काही वर्षांनी तोही गेला. मागे एक मुलगी, तेजल, आणि एक शिलाई मशीन. त्या मशीनवर वहिनींनी सगळ्या सोसायटीची ब्लाउजं शिवली. गणपतीच्या आधी पंधरा दिवस जिन्यातून जाताना त्यांच्या दाराआडून घरघर ऐकू यायची, आणि बायका ती ऐकून ओळखायच्या की आपला नंबर आता जवळ आला. पुढे गुडघे गेले. पायडल मारवेना, म्हणून मशीनला मोटार लावली. ती दोन वर्षांत बंद पडली आणि अण्णांकडे आली.

अण्णांनी वास घेतला. जळका. "वाइंडिंग गेलंय वहिनी. ठेवून जा, बघतो."

गाळ्यात नेऊन नवी तार भरायची, एवढंच काम होतं. पण त्याच महिन्यात मालकानं गाळा विकला आणि अण्णा घरी बसले. दुसऱ्या कुणाच्या गाळ्यात जाऊन "जरा मशीन वापरू द्या" म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. आणि वहिनींना "जमत नाही" सांगणं, तेही आलं. त्या जिन्यात भेटायच्या. अण्णांनी नजर चुकवायच्या आतच म्हणायच्या, "घाई नाय हां, अण्णा." तीनदा म्हणाल्या. मग मोटारीचा विषयच काढेनाशा झाल्या. दुसरी मोटार त्यांनी घेतली नाही. अण्णांकडे एक दिलेली असताना दुसरी आणायची म्हणजे अण्णांच्या तोंडावर मारल्यासारखं.

शेवटी तीन वर्षांनी वहिनी सांताक्रूझच्या एका पोळीभाजी केंद्रात जायला लागल्या. रोज सकाळी सहाला, काठी टेकत, त्याच गुडघ्यांवर, दिवसभर शेगडीपुढे उभं राहायला. अण्णा तेव्हा गॅलरीत दात घासत असायचे. वहिनी खाली दिसल्या की एक पाऊल मागे सरायचे. अकरा वर्षं रोज एक पाऊल. सगळी पावलं जोडली असती तर अण्णा चालत मुलुंडला पोचले असते.

"अण्णा, निदान काय झालंय ते तरी बघा एकदा," गार्गी म्हणाली. "अशीच बंद कशी द्यायची?"

अण्णा खाटेवर बसले. मोटारीच्या बाजूची टोपी स्क्रू ड्रायव्हरनं फिरवली. आतून कार्बन बाहेर आला, म्हणजे आत वीज पोचवणारी ती पेन्सिलीच्या शिसासारखी कांडी. झिजून तांदळाच्या दाण्याएवढी झाली होती. अण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग उठले, बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात त्या मापाचे सहा कार्बन होते. चौदा वर्षांपूर्वीही होते. दोन बसवले, वायर प्लगमध्ये घातली. मोटार गुणगुणायला लागली.

वाइंडिंगला काहीही झालं नव्हतं. जळका वास होता तो आत शिरलेल्या मशीनच्या तेलाचा. आयुष्यभर वाइंडिंग केलेल्या माणसाच्या नाकाला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

"चालू झाली!" गार्गी टाळी वाजवून म्हणाली. "किती सोपं होतं!" आणि सासऱ्याचा चेहरा बघून तिनं दुसरी टाळी वाजवली नाही.

वहिनींच्या घरात मशीन अजून होतं. वर टेबलक्लॉथ, त्यावर टीव्ही. गार्गीनं टीव्ही उचलून खाली ठेवला. अण्णांनी मोटार बसवली, पट्टा चढवला. स्क्रू दोनदा पडला. वहिनींनी खुर्ची ओढली आणि पाय पॅडलवर अलगद ठेवला. घरघर सुरू झाली. वहिनी एकदम तरण्या दिसल्या. मग त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तीनदा केला. डोळ्यांत मोतीबिंदू. दोरा गार्गीनं ओवून दिला.

"काय झालेलं हो हिला?" वहिनींनी सहज विचारलं.

अण्णांना वाटेतच ठरवता आलं असतं काय सांगायचं ते. वाइंडिंग, म्हणता आलं असतं. ओरिजिनल तार मिळत नव्हती, म्हणता आलं असतं. गार्गी शेजारी होती, पण ती काही बोलली नसती.

"कार्बन गेलेला," अण्णा म्हणाले. "सात मिनिटांचं काम. कार्बन माझ्या घरातच होता वहिनी. मी उघडून बघितलंच नाही नीट."

वहिनींचा पाय पॅडलवरून उतरला.

"तेजलचं लग्नातलं ब्लाउज बाजारात शिवलं आम्ही," त्या म्हणाल्या. "बगलेत तंग झालेलं. तिला हात वर करता येईनात. हार घालताना आठवतं?"

अण्णांना आठवलं. हार घालताना तेजलचे हात वर जाईनात, म्हणून नवरदेवच कमरेत वाकला होता, आणि अण्णा पहिल्या रांगेतून ओरडले होते, "आत्तापासूनच वाकवलंन रे नवऱ्याला!" सगळा हॉल हसला होता. वर्षभर तो विनोद ते सांगत होते. त्या लग्नात जिलबीही त्यांनी दोनदा वाढून घेतली होती.

"वहिनी, मी..."

"आणि मी तरी काय? दर वेळी घाई नाय, घाई नाय." वहिनींनी टेबलक्लॉथची घडी उलगडली आणि परत घातली. "घाई होती हो, अण्णा. खूप घाई होती. एकदा तरी वर येऊन भांडायला हवं होतं मी तुमच्याशी."

"भांडला असतात तर बरं झालं असतं," अण्णा म्हणाले.

"मग आता काय भांडू? उद्या चाललात." त्या उठल्या. "चहा घेता?"

तो सातवा चहा होता. अण्णांनी घेतला. जाताना वहिनींनी टीव्ही परत मशीनवर ठेवायला सांगितलं. गार्गीनं तो ठेवला. मोटार टेबलक्लॉथखाली झाकली गेली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरला. सगळी सोसायटी खाली उतरली होती. वहिनी आपल्या गॅलरीत उभ्या होत्या. अण्णांनी वर बघितलं, आणि या वेळी एक पाऊलही मागे सरले नाहीत. वहिनींनी हात हलवला.

टेम्पो सुरू व्हायच्या आत शकु धावत आली. हातात वायर गुंडाळलेली, कालचीच इस्त्री.

"अण्णा, रात्री लावून बघितली, गरमच होत नाही हो. जाताय तर घेऊन जा ना मुलुंडला. सवडीनं बघा. घाई नाय."

अण्णांचा हात सवयीनं पुढे गेला. इस्त्रीचं वजनसुद्धा हाताला ओळखीचं होतं. तीन शब्द जिभेवर तयार होते. सुबोध पुढच्या सीटवरून वळून बघत होता, गार्गी श्वास रोखून.

"नको गं शकु," अण्णा म्हणाले आणि इस्त्री तिच्या हातात परत दिली. "मला नाही जमणार. दुकानात दे. आजच दे."

शकुचं तोंड एवढंसं झालं. तिला फार वाईट वाटलं.