बटणं बुजवलेली भिंत

गल्लीत त्याला सगळे टेस्टर म्हणत. लोकांच्या खिशात पेन असतं तसा याच्या खिशात कायम टेस्टर. लग्नाच्या फोटोतही तो खिशातून डोकावतोय, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस. बोलणं कमी, पण फिनिशिंगला तोड नव्हती. त्याने वायर पुरून वरून पुट्टी फिरवली की आतून वीज गेली आहे हे भिंतीलाही कळू नये.

त्या फिनिशिंगनेच त्याचा घात केला.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीने शहरातले वायरमन गोळा केले, दोन दिवस थंडगार हॉलमध्ये बसवून शिकवलं आणि ‘अधिकृत तंत्रज्ञ’ असं छापलेला निळा टी-शर्ट दिला. बोललं की दिवा लागतो, बोललं की दार उघडतं. शिकवणारा गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस म्हणाला, “काका, भिंतीवर बटण दिसलं की घर जुनं झालं समजा.” बाकीच्या वायरमननी हे या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं. हुकूम ऐकणाऱ्या पांढऱ्या डब्या बसवल्या, पण खालचे स्विच राहू दिले. टेस्टरला असलं अर्धवट काम जमत नसे. त्याने सतरा घरांतले जुने बोर्ड उपटले, त्यांच्या भिंतीतल्या पेट्या बुजवल्या आणि भिंती अशा गुळगुळीत केल्या की लोक हात फिरवून बघत.

पहिलं घर त्याच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. पक्षाघाताच्या झटक्याने तिची डावी बाजू गेली होती. मुलगा दुसऱ्या शहरात. तो म्हणे, माझ्याकडे चल. अक्का म्हणे, “तुझ्याकडे मी पाहुणी. इथे मी मालकीण.” टेस्टरने तिच्या उशाशी बोलकी डबी ठेवली आणि प्रश्न मिटला. पलंगावरून ती दिवे लावी, पंखा कमीजास्त करी, सकाळी कामाच्या बाईला दार उघडी. एकटी, पण तोऱ्यात.

मग कंपनीचा निरोप आला. ‘प्रिय सोबती, आम्ही एका नव्या प्रवासाला निघत आहोत. तीस तारखेला या उपकरणांची सेवा थांबेल. आजवरच्या विश्वासाबद्दल मनापासून आभार.’ खाली एक हसरा चेहरा आणि नव्या मॉडेलची जाहिरात.

टेस्टरने तो निरोप दोनदा वाचला. बुडवणाऱ्याने निदान तोंड लपवावं. इथे बुडवून वर हसत होते. त्याने कंपनीला फोन लावला. पाऊण तास बाजा ऐकवून एक गोड आवाज म्हणाला, “सर, त्या उत्पादनाचं आयुष्य संपलंय.”

“माझ्या बहिणीचं नाही संपलं,” टेस्टर म्हणाला.

“आपली अडचण समजते, सर.”

“समजत असती तर फोन तुम्ही केला असता.”

तीस तारखेला अजून पाच दिवस होते. सांगावं कसं या लाजेने तो अक्काकडे फिरकलाच नाही. तीस तारखेचा दिवस संपेपर्यंत वेळ आहे, हा त्याचा हिशेब. कंपनीचं घड्याळ कुठल्या मुलखातलं होतं कोण जाणे. त्या दिवशी सकाळी आठलाच सगळं मेलं.

कामाची बाई दाराबाहेर, अक्का पलंगावर, मध्ये बंद दार. पंखा भरधाव अडकलेला. बाईने घाबरून मुलाला फोन केला, मग टेस्टरला. जादा किल्लीने तो आत शिरला तेव्हा अक्का शाल डोक्यावरून घेऊन कुडकुडत होती. त्याने मेन स्विच पाडला.

“तुला माहीत होतं?” अक्काने विचारलं.

“होतं.”

“छान. तोंडातली वीज गेली होती वाटतं.”

मुलाचा निर्णय झाला होता: शनिवारी गाडी घेऊन येतो, आईला नेतो. अक्का एवढंच म्हणाली, “त्याच्या घरी मी मेले तर ते तुझ्या नावावर.” मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

टेस्टरने छिन्नी-हातोडा आणला. पण स्विचची जुनी पेटी सापडेना. भिंत सरसकट सारखी. तो बोटांनी ठकठक करत पोकळ आवाज शोधू लागला. दोन ठिकाणी फोडलं, दोन्हीकडे नुसती वीट. आपल्याच हाताचं काम आपल्याला दाद देईना, याची त्याला शिसारी आली. चार लोकांनी भिंतीवरून हात फिरवला आणि आपण फुगलो.

“डावीकडे,” पलंगावरून आवाज आला. “अजून. आता वीतभर खाली.”

“तुला काय ठाऊक?”

“वीस वर्षं अंधारात तिथे हात गेलाय माझा. तू चार वर्षांत विसरलास.”

त्याने घाव घातला. पुट्टीचा पापुद्रा गळून गंजलेली पेटी उघडी पडली. मग अक्का बोट दाखवत गेली आणि तो फोडत गेला.

दोन दिवस घरात नुसती धूळ. मूळ जागी साधे स्विच आले. तिथून भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीतून वायर खाली ओढून त्याने पलंगाच्या कठड्याला दुसरा बोर्ड ठोकला, तिच्या उजव्या हाताशी. दाराला जुन्या पद्धतीची विजेची कडी बसवली. पलंगावरचं बटण दाबलं की कडी सुटायची. मध्ये फक्त वायर. बाहेरच्या कुणाचा संबंध नाही. भिंत मात्र देवीचे वण पडल्यासारखी दिसू लागली. पुट्टी मारायला वेळ होता, पण पुट्टीचा डबा उघडवेना.

शनिवारी मुलाने दार वाजवलं. अक्काने बटण दाबलं. कडी खट्कन सुटली. तो आत आला, भिंती बघून थबकला.

“मामा, हे काय करून ठेवलंत? घर आहे की गोदाम?”

“वाईट दिसतंय,” टेस्टरने कबूल केलं.

अक्काने एकेक स्विच दाबून दाखवला. दिवा, पंखा, दुसरा दिवा. मुलाने स्वतः दार लावून पुन्हा उघडायला लावलं. तीनदा.

“आणि मामा नसतील तेव्हा बिघडलं तर?”

“तर दुसरा वायरमन येईल. हे कुणालाही उघडता येतं,” अक्का म्हणाली. “तुझी गाडी कुणी अडवली नाही. चहा घे आणि जा.”

चहा पिऊन झाल्यावर त्याने कठड्यावरचा बोर्ड एकदा हलवून पाहिला. मग रिकामी बॅग उचलून एकटाच गेला.

टेस्टरचा फोन वाजला. कंपनी विचारत होती, आमच्यासोबतचा अनुभव कसा वाटला, किती तारे द्याल? त्याने तो निरोप पुसून टाकला. हात धुऊन आला, तरी काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं.

“उरलेल्या सोळा घरांच्या भिंती कोण उघडणार?” अक्काने विचारलं.

“मीच.”

सोमवारी तो पिशवीत छिन्नी घालून दुसऱ्या घराशी उभा राहिला आणि बेलचं बटण दाबलं. आवाज नाही. तीही कंपनीचीच, त्यानेच बसवलेली. त्याने दारावर थाप मारली.