कळवले: होय

बाई रजिस्टर नेहमी मागून उघडायच्या. शेवटच्या पानावरून पुढे येता येता एका रकान्यावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे घरच्यांना कोणी सांगितलं?"

तपासणीला आलेली माणसं आधी चहा घेतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. या निवृत्त मेट्रनबाई आधी रजिस्टर घ्यायच्या. द्वारका चौकाजवळच्या आमच्या रुग्णालयात काही चुकलं, पेशंट पडला, औषध बदललं, की त्याचा फॉर्म भरून रजिस्टरला लावायचा मी. शेवटचा रकाना, 'नातेवाईकांना कळवले'. त्यात मी 'होय' लिहायचो, तेही फॉर्म कोरे असतानाच, दर सोमवारी, गठ्ठ्याने. अक्षर तेवढं माझं सुंदर आहे.

त्या दिवशी बाईंचं बोट एका फॉर्मवर थांबलं. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोन म्हातारे, आणि एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला. सिन्नरकडचे ते आजोबा त्याच दुपारी गेले. मुलांना सांगितलं होतं, हृदय कमकुवत होतं.

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी... बहुतेक."

"बहुतेक असा रकाना नाही, भाऊ. बोलवा त्यांना. तोवर माझी सही नाही."

दोघे मुलगे आले ते वडिलांचे राहिलेले कागद न्यायला म्हणून, हातात पिशवी घेऊन. डॉक्टर 'गुंतागुंत' म्हणाले, 'दुर्दैवाने' म्हणाले.

"सरळ सांगा, डॉक्टर," बाई म्हणाल्या.

"चुकीचं इंजेक्शन गेलं. चूक आमची."

धाकट्याने खुर्ची उचलून दाराच्या काचेवर घातली. थोरल्याने डॉक्टरांची कॉलर धरून त्यांचं डोकं कपाटावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. कॉम्प्युटर जमिनीवर आला. मी? मी टेबलाखाली. बायको अजून चारचौघांत सांगते, "यांना हल्ल्यातले फक्त पाय दिसले." खोटं नाही. काचांवरून धावणारे बूट दिसत होते. बाईंच्या चपला मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

"काठी खाली ठेव," त्या आवाज ऐकून धावत आलेल्या वॉचमनला म्हणाल्या. तेवढ्यात पेपरवेट येऊन त्यांच्या कपाळावर बसला. रक्त टेबलावरच्या त्या फॉर्मवर सांडलं आणि कडेवरून माझ्या हातावर टपटपलं.

"बाप जाळून तीन आठवडे झाले!" थोरला ओरडला. "आन आता सांगता व्हय?"

"हो, आता. तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्याने फॉर्म ओढला. "मंग हे होय कोणी लिवलं?"

बाईंच्या चपला माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत, आणि तेच मला सहन होईना. मी टेबलाखालून हात वर केला. शाळेत करतात तसा.

त्याने मला ओढून बाहेर काढलं आणि अशी मुस्कटात दिली की चष्मा डॉक्टरांच्या पायाशी पडला. दुसऱ्यांदा उगारलेला हात मात्र तसाच राहिला. तो मटकन काचांतच बसला.

"नाना इचारीत होते, ही सुई कशाची हाय? मीच म्हणलं, गप घ्या."

बाई त्याच्याशेजारी खाली बसल्या. त्याचा तळवा उलटा केला आणि एकेक काच काढू लागल्या. स्वतःच्या कपाळाला टाके त्यांनी त्यानंतर घालून घेतले.

मग कोरा फॉर्म मागितला. इजा: कपाळ, चार टाके. कारण: 'नातेवाईकांना तीन आठवडे उशिरा सांगितल्यामुळे.' शेवटच्या रकान्यात माझं 'होय' आधीच होतं. ते त्यांनी खोडलं. "हा तुम्ही भरा. खरा."

मी सुरगाण्याला त्यांच्या बहिणीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई परत कुठे खरं बोलली का?" आणि रडू लागली.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. गुडघे गेले म्हणे. यंदा एक तरुण साहेब आले. चहा घेऊन त्यांनी रजिस्टर पुढून उघडलं आणि सिन्नरच्या आजोबांच्या फॉर्मवरच्या तपकिरी डागावर थबकले.

"चहा सांडलाय का हो?"

तोंडात होय आलंच होतं.

"नाही," मी म्हणालो. "रक्त आहे. बसा, सांगतो."