स्लॅबखालची झोळी

आमचं गाव मुखेडकडचं. रान होतं, पण नुसतं मुरमाड. त्यातलं धान्य संक्रांतीपर्यंत पुरलं तरी खूप. म्हणून माय-बाप नांदेडला बांधकामावर आले. बाप वाळू चाळायचा, माल कालवायचा. माय घमेली वाहायची. राहायला वेगळं घर नव्हतं. ज्या इमारतीचं काम चालू असेल, तिच्याच तळमजल्यावर विटांच्या आडोशाला आमची चूल. भिंतींना रंग लागायला लागला की माय भांडी आवरायला घ्यायची. रंग आला म्हणजे आता घरात राहणारे येणार, आपण निघायचं. आजही ताज्या रंगाचा वास आला की मला गाठोडं बांधावंसं वाटतं.

इमारत बदलली की माझी शाळाही बदलायची. तरी मी शिकले. वसतिगृहात राहून शिकले आणि स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही आणि कुणी हळू बोल म्हटलं तरी मी आवाज कमी करत नाही. निकाल लागला तेव्हा बाप हयात नव्हता. माय होती. तिनं पदवीचा कागद उलटा धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, छापलंय छान.

लातूरला एका बांधकाम कंपनीत नोकरी लागली. कंपनीच्या फाटकावर मोठा फलक होता: सुरक्षा, सचोटी, सन्मान. रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी सगळे एका ठिकाणी उभे राहायचे, मी नियम वाचायचे आणि बाकीचे माझ्यामागून म्हणायचे. नवा स्लॅब टाकला की टेकू निघेपर्यंत त्याच्याखाली कुणी जायचं नाही. कामाच्या जागेवर लेकरं आणायची नाहीत. जो मोडेल त्याला दुसऱ्या दिवसापासून काम नाही. हे नियम मला पटत होते. अजूनही पटतात.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी मी ताज्या स्लॅबचे टेकू तपासत फिरत होते. वर पोती अंथरून पाणी मारणं चालू होतं. खालच्या अंधारातून कुरकुर असा दोरीचा आवाज आला. वाकून बघितलं तर टेकूच्या दोन बल्ल्यांना लुगड्याची झोळी बांधलेली, आणि तिच्यात एक तान्हं लेकरू गाढ झोपलेलं. वरून पाझरलेलं पाणी शेजारी टपटपत होतं. सगळ्या साइटवर तेवढीच जागा गार होती. झोळी हलली की बल्ली हलत होती, आणि बल्लीच्या डोक्यावर ओला स्लॅब. लेकरू उचलून मी बाहेर आले.

त्याची आई घमेलं टाकून धावत आली. देगलूरकडची, त्याच आठवड्यात कामाला लागलेली पोर. ती हातापाया पडली नाही. लेकरू घेतलं आणि म्हणाली, "ताई, बाहेर लई ऊन हाय."

मुकादम तिथंच होता. उद्यापासून हिला बोलावत नाही, म्हणाला. मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांबा. तो हसला. "मॅडम, नियम तुमीच वाचता ना सकाळी? का आता साइटवर अंगणवाडी काढता?" आजूबाजूचे दोघं-तिघं फिस्सकन हसले.

संध्याकाळी नांदेडला मायला फोन केला. सगळं सांगितलं. तिला नवल वाटलंच नाही. म्हणाली, तुला बी तिथंच टांगायची मी, गार असतंय म्हणून. तू कदी रडली न्हाईस. मी तिला समजावून सांगितलं की साइटवर ताज्या स्लॅबखालच्याइतकी धोक्याची जागा नाही, एक बल्ली सरकली तर वरचं सगळं खाली येतं.

माय हळू आवाजात म्हणाली, "मंग दुसरी जागा कुठं व्हती, बाई?"

सकाळी मी साहेबांच्या वाटेवर उभी राहिले. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. कपाळाला भस्म लावून सगळ्यांच्या आधी साइटवर येणारे. मी त्यांना कालची गोष्ट सांगितली.

"म्हणजे नियम मोडायचा म्हणता?"

"नाही साहेब. नियम राहू द्या. लेकरांना जागा द्या."

"आन् सांभाळणार कोण?"

"माझी माय."

त्यांनी विचारलं, तिनं आतापर्यंत काय केलंय? मी म्हटलं, जन्मभर घमेली वाहिलीत. साहेबांनी फाटकावरच्या फलकाकडं बघितलं. मग म्हणाले, फाटकाजवळच्या माझ्या खोलीत कूलर आहे, ती खोली घ्या. पण महिनाभर बघू. एक जरी लेकरू कामाच्या जागेवर दिसलं तर खोलीला कुलूप. देगलूरची पोर तोवर कामावर राहील, असं त्यांनीच मुकादमाला सांगितलं.

माय लोह्यावरून येणाऱ्या एसटीनं आली, जुन्या लुगड्यांचं गाठोडं घेऊन. खोलीत आल्या आल्या तिनं छताचा हूक बघितला, दोरी बांधली आणि आधी स्वतः तिला लोंबकळून बघितलं. गुडघे दुखतात म्हणणारी बाई! मी ओरडले, तर म्हणाली, तुझं कालेज तुझ्यापाशी, मला माझ्या हातानं बघू दे.

देगलूरची पोर दारात लेकरू घट्ट धरून उभी होती. अनोळखी बाईकडं कसं द्यावं? मायनं दोन्ही हात पुढं केले.

"दे इकडं. मी बी घमेलंवालीच हाय."

पोरीनं लेकरू दिलं. पाजायच्या वेळेला ती यायची, तेव्हा माय तिला आधी पाणी प्यायला लावायची, मगच लेकरू हातात द्यायची. मुकादमानं पुढच्याच आठवड्यात आपली नात आणून सोडली, तेव्हा मायनं मला डोळ्यानं खुणावलं. महिना सरला. कुलूप लागलं नाही.

आता आमच्या कंपनीच्या कुठल्याही साइटवर पाया खणायच्या आधी लेकरांची खोली उभी राहते. सकाळच्या वाचनात तो नियमही आहे, आणि मी तो वाचते. देगलूरची पोर अजून आमच्याकडेच कामाला आहे. मी साइट इंजिनीअर आहे. मायच्या गळ्यात फोटो लावलेलं कंपनीचं ओळखपत्र आहे आणि महिन्याला तिचा पगार तिच्या खात्यात येतो.