दर्यापूरवालीच्या घरी लोखंड नव्हतं

दर्यापूरवाली न विचारता दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसायची. अमरावतीच्या ज्या वॉर्डात थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात, तिथे आम्ही आया एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारतो. मी तिवसावाली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या आर्याचा डबा उघडला, आतली गुळाची पोळी उचलली आणि दारावरच्या वॉचमनला देऊन आली. "गुळात लोखंड असते, बाई. अन् तुमी त मास्तरीण!" मला असा राग आला की दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही.

पण तिचं खरं होतं. चढवलेल्या रक्तातलं लोह या मुलांच्या अंगात साठत जातं आणि हळूहळू हृदय बिघडवतं. हे कळल्या दिवशी तिने घरातली लोखंडी कढई, तवा नणंदेला देऊन टाकला. पालक, गूळ, बीट बंद. जेवताना कोरा चहा घेतला तर जेवणातलं लोह अंगात कमी शोषलं जातं, असं सिस्टर म्हणाली. तेव्हापासून तिचा सम्यक भाकरीसोबत चहा प्यायचा. आणि त्याच्याबरोबर तीही. मी विचारलं, तुम्ही कशाला? "त्या एकट्याले येगळं काहून वाटू द्याचं? जे त्याचं ताट, ते माह्यं."

गंमत म्हणजे ती स्वतः गावची आशाताई, आरोग्यसेविका होती. गावातल्या गरोदर बायांना लोहाच्या लाल गोळ्या दारोदार वाटायची, खाल्ल्या नाहीत तर दटावून समोर गिळायला लावायची. पण त्या गोळ्यांचं एक पाकीट कधी तिच्या घरात गेलं नाही. उरलेल्या गोळ्या अंगणवाडीच्या कपाटात ठेवूनच ती घरी जायची. घरी लकवा झालेली सासू होती, तिचं सगळं अंथरुणावर, आणि सम्यक. या दोघांच्या औषधांच्या वेळा तिला तोंडपाठ. स्वतःच्या तब्येतीचं विचारलं की हसायची.

मी मुळात भित्री. रक्त लावल्यावर आर्याला थंडी वाजली की मी सिस्टरला हाका मारत सुटायचे. एकदा दर्यापूरवालीने माझं मनगट घट्ट धरलं. "भेव मलेबी लागते. पण दोघीनं एकदम नाई भ्याचं. आज तुमी भ्या, मी पायते." ती खरंच पाहायची. आर्याच्या पायांवर आपली शाल टाकून, सलाइनच्या नळीकडे टक लावून उभी राहायची. त्या दिवसापासून तारखेच्या आदल्या दिवशी मला तिचीच वाट असायची.

गेल्या हिवाळ्यात मात्र तिला वॉर्डाचा जिना चढवेना. मध्येच बसायची. ओठ पांढरे. महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जातं, असं तिने सहज सांगितलं. मी म्हटलं, तपासून घ्या. "आमी मायनर, बाई. या आजाराचं थोडं आमच्याबी अंगात. आमचं हिमोग्लोबिन कमीच रायते." डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण त्या लाल. "अन् सम्यकनं खाल्ल्या त? पोट्टा कपाटावर चढते."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटलं. मीही मायनर, मीही दोन वर्षांत स्वतःचं रक्त तपासलं नव्हतं. तिला आग्रह केला असता तर तुमचं तपासलं का, म्हणून ती माझ्यावर उलटली असती. म्हणून मी गप्प बसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या तारखेला नाव नोंदवता नोंदवता ती खाली बसली. हिमोग्लोबिन चारच्या आत. तिचा आणि सम्यकचा गट एकच, आणि रक्तपेढीत त्या दिवशी त्या गटाची एकच पिशवी, सम्यकसाठी ठेवलेली. डॉक्टर म्हणाले, मुलगा दोन दिवस थांबू शकतो, तुम्ही नाही. ती पलंगाच्या दांडीला धरून ओरडली, "पयले त्याले! त्याची तारीख हाये आज!" ती कुणाला हात लावू देईना. शेवटी पिशवी सम्यकलाच लागली. तिच्यासाठी अकोल्याहून रक्त यायला संध्याकाळ झाली. मी तिचा हात धरून होते. तो इतका थंड होता की मला तो सोडून पळून जावंसं वाटलं. रक्त लागलं, पण कित्येक महिने दमलेल्या हृदयाला ते पेललं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढच्या तारखेला, त्या रक्ताच्या एकविसाव्या दिवशी, सम्यकला घेऊन त्याचे बाबा आले. दारातच थबकले, मग माझ्यापाशी आले. "जयभीम, ताई. तुमी तिवसावाल्या ना? तिनं सांगून ठेवलं होतं, काई अडलं त त्याइले इचारजा." सुई, रक्त गाळायचा फिल्टर, गोळ्या, कशाच्या वेळा, त्यांना सगळं येत होतं. "सा महिन्यांपासून पाठ करून घेत होती माह्याकडून. मले वाटे, काहून मांगं लागली?"

म्हणजे तिला सगळं कळत होतं. नवऱ्याला तयार करायला तिला सहा महिने मिळाले, आणि स्वतःसाठी एक गोळी गिळायला क्षणही मिळाला नाही. मला तिचा भयंकर राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण माझ्या घरी तर मी कुणाला काहीच शिकवलं नव्हतं.

आर्याला त्यांच्या शेजारी बसवून मी खाली स्वतःचं रक्त तपासायला गेले. सुई पाहून मी हात मागे घेतला तसा तिथला तपासणीवाला हसला, "काय बाई, लेकरं नाई भेत एवढे."

"लेकरांसोबत त्यांची आई असते ना," मी म्हटलं, आणि वर बसलेला सम्यक आठवून हात पुढे केला.