मॅडम, नवीन हाय, पण चालू होत नाय!

चालू झालेल्या कॉम्प्युटरचा किस्सा होत नाही. माणूस बटण दाबतो, स्क्रीन उजळते, तो थँक्यू म्हणून जातो आणि आपणही त्याला विसरतो. पण बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की माणूस थांबतो. बसतो. चहा घेतो. बोलायला लागतो!

औरंगपुऱ्याजवळ एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात आमचं दुकान आहे. मालक रफिकभाई, आणि चौदा वर्षांपासून त्यांच्यासोबत मी, वंदना. गिऱ्हाईकाला हवे तसे सुटे पार्ट आणायचे आणि नवा कॉम्प्युटर जोडून द्यायचा, हे आमचं काम. बहुतेक मशिनी पहिल्या झटक्यात चालू होतात. हे किस्से उरलेल्या मशिनींचे आहेत.

*

सुरुवात माझ्यापासूनच करते, म्हणजे नंतर कुणाला हसले तरी चालेल.

माझा दुकानातला पहिला दिवस. रफिकभाईंनी सगळे पार्ट माझ्यासमोर मांडले आणि म्हणाले, "जोडा." मी तीन तास लावून जोडला. बटण दाबलं. काही नाही. सगळा खोलला, परत जोडला. तरी काही नाही!

तेवढ्यात अण्णा आले. माझे वडील. पहिली शिफ्ट संपवून शेंद्र्याच्या कंपनीतून थेट मुकुंदवाडीला घरी जायचं सोडून, पोरीचं काम बघायला आले होते. आमच्या घरात पान्हा फक्त त्यांच्या हातात असायचा, आता माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. आणि नेमकं त्यांच्यासमोर मशीन ढिम्म. माझ्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं.

रफिकभाई उठले. कॅबिनेटच्या मागं हात घातला. तिथं पॉवर सप्लायला एक छोटं बटण असतं, ते खट्‌कन दाबलं. पंखा फिरायला लागला.

"ताई, मशीन बिगडी नई थी," ते म्हणाले. "सो री थी!"

मी मान खाली घातली. अण्णा मात्र खूश. म्हणाले, "म्हंजी हिनं दोन बार जोडला, अन् दोन्ही बार बरोबरच जोडला व्हय?"

*

काकडे सर म्हणजे रिटायर्ड गणिताचे मास्तर. वय पंच्याहत्तर. आयुष्यभर फळ्यावर शिकवलं, आता त्यांना गणिताचे व्हिडिओ करायचे होते. एकदम नव्या जमान्याचे पार्ट घेतले. तसला बोर्ड आणि तसली रॅम आम्ही पहिल्यांदाच हातात धरत होतो.

जोडला, चालू केला. पंखे फिरतायत, दिवे लागतायत, स्क्रीन काळी! एक मिनिट बघितलं, बंद केला. रॅम काढून घातली. परत चालू. परत काळी. परत बंद. रॅम बदलली, केबल बदलली, मॉनिटर बदलला. रफिकभाईंच्या कपाळावर घाम. सर कोपऱ्यात शांतपणे शब्दकोडं सोडवत बसलेले.

शेवटी चहा आला. वैतागून मशीन तसंच चालू सोडलं आणि आम्ही कप उचलले. अर्धा चहा झाला असेल, स्क्रीन आपोआप उजळली!

नंतर कळलं. नवी रॅम घातली की हा बोर्ड पहिल्यांदा तिची स्वतःच तपासणी करतो. त्याला पाच-सात मिनिटं लागतात. आणि आम्ही दर मिनिटाला त्याची मान मुरगाळत होतो.

सरांनी पेन खिशाला लावलं. "पेपर हातात दिल्या दिल्या उत्तर मागायचं नसतं, वंदना," ते म्हणाले. "पोराला आधी प्रश्न तर वाचू द्यावा!"

*

शेंद्र्याच्या दांडगे मामांचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

"मॅडम, तुमचा डबा मेला!"

दांडगे मामा अर्धा दिवस शेतात, अर्धा दिवस कंपनीत. आदल्याच दिवशी पोरीसाठी कॉम्प्युटर घेऊन गेले होते. पोरीचा बारा वाजता ऑनलाइन इंटरव्ह्यू. डिझाइनची नोकरी. आणि स्क्रीनवर काहीच नाही. मागं पोरीचा रडवेला आवाज येत होता.

"मामा, पंखा फिरतोय का?"

"फिरतोय की. लई फिरतोय."

"मग डबा जिवंत आहे. आता मागच्या बाजूला जा. टीव्हीची वायर, म्हणजे स्क्रीनची वायर, कुठं लावली?"

"तिच्या जागेवर. वरती."

"तशीच जागा खाली पण एक आहे बघा. आडवी."

फोनवर नुसता धापा टाकल्याचा आवाज. मग, "हाय. पण ती तर कोपऱ्यात दडून बसलीय."

"त्यातच लावा. चित्र खालच्या कार्डातून येतं. वरच्यातून काहीच येत नाही."

वायर खुपसल्याची खडखड. आणि मग पोरीची किंकाळी, आनंदाची! मामा मात्र वेगळ्याच विचारात होते.

"म्हंजी वरचा नुसता दिसायला, अन् काम सगळं खालचा करतो?"

"हो मामा."

"मग असं सांगा ना! सेम आमच्या कंपनीवानी हाय!"

पोरीला ती नोकरी लागली. मामा पेढे घेऊन स्वतः दुकानात आले. पेढा देताना म्हणाले, "खालच्याची आठवण ठेव म्हणलं तिला. मोठ्ठी झाली तरी."

*

रफिकभाईंचा एक नियम आहे. गिऱ्हाईकानं स्वतः केलेली चूक त्याच्या तोंडावर कधी सांगायची नाही. "आदमी शर्मिंदा होऊन गेला तर परत कधी शिकत नाय, ताई," असं त्यांचं म्हणणं.

एकदा एक इन्स्पेक्टर साहेब आले. साध्या कपड्यांत. व्हिडिओ बघून स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडलेला, पण चालू होईना. उघडून बघितला तर प्रोसेसरची पॉवर केबल लावलेलीच नव्हती. मस्त गुंडाळून, वर प्लॅस्टिकची पट्टी बांधून कोपऱ्यात ठेवलेली!

रफिकभाईंनी साहेबांना वरती चहाला पाठवलं. ते जिना चढेपर्यंत केबल लावून टाकली. साहेब परत आले तर मशीन सुरू.

"काय होतं?"

"कुछ नई साहेब. एक वायर जरा लूज होती. कंपनीकडूनच लूज येते कधी कधी."

साहेबांनी रफिकभाईंकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी लगेच स्क्रू मोजायला लागले.

"रफिकभाई," साहेब म्हणाले, "वीस वर्षं लोकांचे जबाब घेतोय मी. कुठली लावायची राहिली होती ते सांगा!"

*

दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी एकानं टुरिस्टांसाठी चार खोल्या काढल्या. गणेश नाव त्याचं. बुकिंगसाठी आमच्याकडून कॉम्प्युटर नेला. दुसऱ्या दिवशी फोन, "मॅडम, चालूच होत नाही. नुसतं इंग्रजीत लिहिलेलं एक पान येतं." मशीन दुकानात आणलं. इथं एकदम ओके! परत नेलं. परत तेच पान. पुन्हा आणलं, पुन्हा ओके! गणेश म्हणाला, "शनिवारपासून टुरिस्ट येणारेत. माझ्या घरावर करणी आहे का काय?"

शेवटी रफिकभाई स्वतः गेले. टेबलाजवळ पोचले आणि उभेच राहिले. गणेशच्या आईनं नव्या मशीनची पूजा केली होती. हळदकुंकू, फूल, सगळं व्यवस्थित. आणि नारळ ठेवला होता कीबोर्डवर. बरोबर उजव्या कोपऱ्यात, डिलीटच्या बटणावर! ते बटण दाबलेलं असलं की मशीन सुरू होताना सेटिंगचं पान उघडतं. आणि गणेश दुकानात आणायचा तो फक्त डबा. कीबोर्ड घरीच!

रफिकभाई अदबीनं म्हणाले, "अम्मा, नारळ थोडा बाजूला ठेवू का?"

"पूजेचा नारळ हाय तो," म्हातारी म्हणाली. "तो कसा हालवायचा? तुझं यंत्र सरकव की!"

रफिकभाई हसले नाहीत. मुकाट्यानं गाडीवर शहरात आले, दुसरा कीबोर्ड घेतला आणि परत जाऊन पहिल्याची वायर काढून हा लावून दिला. शनिवारी गणेशचं पहिलं बुकिंग झालं. पहिला कीबोर्ड अजून तिथंच आहे, नारळासकट. टुरिस्ट त्याचे फोटो काढतात म्हणे!

*

आणि आता साळवे साहेब.

साळवे साहेब बँकेत आहेत. जन्मापासून त्यांना दिसत नाही. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर सगळं काम करतात. प्रमोशनची परीक्षा चार दिवसांवर आली आणि त्यांचा जुना कॉम्प्युटर बसला. नवा घ्यायला आले, पण अट एकच. "जोडणार मी. तुम्ही फक्त पार्ट हातात द्यायचे आणि नाव सांगायचं."

भर दुपारची वेळ. साहेबांनी एकेक पार्ट बोटांनी चाचपला, ओळख करून घेतली आणि बसवला. आमच्यापेक्षा सावकाश, पण एक स्क्रू वाकडा नाही. मग बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. परत फिरला, परत थांबला.

मी टॉर्च मारून सगळं बघितलं. "साहेब, सगळं बरोबर बसलंय. बोर्डच खराब दिसतोय. बदलून मागवावा लागेल." म्हणजे आठवडा. म्हणजे परीक्षा गेली.

साहेबांनी पुन्हा मशीनकडं हात नेला. मी प्लग काढला, आणि त्यांच्या हाताला वाट मोकळी व्हावी म्हणून प्रोसेसरवरचा पंखाही काढून घेतला. त्यांनी दोन्ही रॅमच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. एकदा. परत एकदा.

"ही हिच्यापेक्षा केसभर वर आहे."

मी टॉर्च घेऊन वाकले. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. रफिकभाईंनी चष्मा लावून बघितलं. त्यांनाही सारख्याच!

मशीन त्याच दुपारी चालू झालं, आणि साहेब ती परीक्षाही पास झाले. आता ते मॅनेजर आहेत. पण मला आठवते ती त्या दुपारची मधली दोन मिनिटं.

मी टॉर्च बंद करून काउंटरवर ठेवली आणि साहेब पट्टी दाबायला लागले, तेवढ्यात लाईट गेली. आमचं दुकान तळघरात, दिवसाही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. रफिकभाईंच्या हातात स्क्रूंची वाटी होती, ते जागीच पुतळा झाले. माझ्या हातात साहेबांचा तो काढलेला पंखा. मी पण हलले नाही.

अंधारात आवाज आला. टक्.

"बसली!" साहेब म्हणाले. "द्या तो पंखा."

पंखा माझ्याच हातात राहिला.

"मॅडम? का थांबलात?"

"साहेब, लाईट गेलीय. काहीच दिसत नाहीये."

"अरेच्चा!" साहेबांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "मग अशा उभ्या राहू नका, पडाल. तुमच्या डाव्या हाताला स्टूल आहे. बसा."