गाडीच्या पुढे पळणारा

रहिमतपूर-सातारा एसटीवर मी कंडक्टर आहे. कॉलेजला जाणारा एक मुलगा रोज बॅग माझ्या सीटवर ठेवायचा आणि गाडीबरोबर फाट्यापर्यंत पळायचा. पासवर नाव असणार, पण मी फक्त तारीख बघायचे.

स्पीडब्रेकरच्या कृपेने तोच जिंकायचा. फाट्यावर धापा टाकत चढायचा आणि म्हणायचा, "मावशी, गाडीला जरा खुराक द्या!"

लष्करात अधिकारी होऊन सुट्टीवर आला, तरी बॅग माझ्याकडेच.

यंदा सीमेवरच्या लढाईत तो मारला गेला. साताऱ्याहून परतताना त्याला गावी नेणारा, फुलांनी सजवलेला ट्रक आमच्या पुढे होता. ट्रकने साइड दिली.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, लय उशीर झालाय. काढू का पुढं?"

"नको. फाट्यावर आधी त्याला पोचू दे."