विल्माचा घण

विल्मा ट्रेगोनिंगचं डोकं तापलं की आमच्या ग्रास व्हॅली गावातली कुत्रीसुद्धा रस्ता बदलायची. तिच्या घराण्यातल्या पुरुषांनी सोन्याच्या खाणीत घण घालण्यात जन्म घालवला. खाणी बंद पडल्या, घण तेवढा घरात राहिला. मग दर हिवाळ्यात ती आणि धाकटा भाऊ डेन्झिल ट्रकमध्ये ग्रॅनाइटचा ठोकळा टाकून जुन्या खाणगावांच्या जत्रांत सुरुंगाचं भोक पाडायच्या शर्यती खेळत फिरायची. घंटा होईपर्यंत ज्यांचं भोक सगळ्यांत खोल, ते जिंकले. डेन्झिल गुडघ्यांवर बसून पहार धरायचा आणि प्रत्येक घावानंतर ती फिरवायचा. विल्मा वरून घण घालायची. भोकात पाणी ओतायला मी, त्यांचा शेजारी. पहार धरणाऱ्यानं वर बघायचं नाही, एवढा एकच नियम.

त्या जानेवारीत डाउनीव्हिलच्या जत्रेच्या वाटेवर बर्फ पडत होता. डेन्झिलनं बाटली अर्धी केली आणि बरळला, "डॅड गेले त्या संध्याकाळी मी घरी नव्हतो. गुत्त्यात होतो."

विल्मानं ट्रक थांबवला. "हात धरून बसलो होतो म्हणालास."

"खोटं बोललो."

"म्हणजे म्हातारा एकटा मेला?"

तिनं त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि बर्फात लोळवून तुडवलं. त्यानं तिच्या मनगटाचा लचका तोडला, तिनं त्याचं नाक फोडलं. मी शहाणा मध्ये पडलो, माझा दात गेला.

जत्रेत लोक खोळंबले होते. विल्मा म्हणाली, "आज माझ्या हातात घण नको."

"घाबरलीस?"

"तुझ्या बोटांसाठी घाबरले, गाढवा!"

"डॅडनी एक तरी जत्रा चुकवली होती का? उचल."

तो पहार धरून बसला. विल्मा संतापानं घाव घालू लागली आणि प्रत्येक घाव नेमका पहारीच्या डोक्यावर बसत होता. दगडाचा चिखल माझ्या तोंडावर उडत होता. जिंकलो, असंच मला वाटलं.

तेवढ्यात डेन्झिलच्या नाकातलं रक्त त्याच्या हातांवर ठिबकलं. ते विल्माला दिसलं आणि तिला त्याची दया आली. तिनं घण जरा सांभाळून घातला. घण सांभाळून घालता येत नाही, वर घुटमळला की तो वाकडा उतरतो. डेन्झिलची दोन बोटं पहारीवर चेचली गेली.

तो गुरासारखा ओरडला, पण पहार फिरवली. "मार, विल्मे! थांबलीस कशाला?"

ती रडत, शिव्या देत घंटा होईपर्यंत मारत राहिली. भोकातून लाल पाणी वर येत होतं आणि मी नवं ओतत होतो. आमचा नंबर शेवटचा आला. त्या दोघांचा मला तेव्हा इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी ट्रकच्या मागे ठोकळ्याशेजारी बसून आलो.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा डाउनीव्हिल. डेन्झिलला त्या हातानं पहार भराभर फिरवता येत नव्हती, म्हणून विल्मा खाली बसली. त्यानं उरलेल्या बोटांनी घण पेलला, पण उचलेना.

"विल्मे, भीती नाही वाटत?"

"तू फक्त माझी दया करू नकोस," ती म्हणाली, आणि पहार धरून तिनं मान खाली घातली. "मार."